वाचलेल्या ग्रंथांचा सरवा

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे हिशेब आलाच. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, कोणी जागा दिली, कोणी डोक्यावरून विटा वाहिल्या, हे सारे आपण या प्रसंगी कृतज्ञतेने आठवतो. पूर्वीच्या वक्त्यांनी हा जमेचा हिशेब आपणांपुढे उत्तम रीतीने मांडला आहे. आम्हांस आज दुसऱ्या बाजूविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. ती बाजू देण्याची आहे.

पवित्र शास्त्रातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. पन्नासावे वर्ष आले की रणशिंग फुंकावे, विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, आणि दास झालेल्या मनुष्याने मोकळा होऊन आपल्या घरी परतावे, असा तो नियम होता. म्हणजे महोत्सवाचे वर्ष हे मूळचे परतफेडीचे वर्ष होय. मंडप, तोरणे व भोजन ही त्याची शोभा आहे. परत करणे हा त्याचा प्राण आहे. तेव्हा या वर्षी आपण कोणास काय परत करणार, हा प्रश्न आम्ही आपणांस विचारीत आहो.

आमची सूचना थोडक्यात अशी. आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी, महिलामंडळाने व शिक्षकवर्गाने मिळून घरोघरची वाचून झालेली पुस्तके गोळा करावी, ती निवडावी, अल्प किमतीस त्यांची जाहीर विक्री करावी, आणि आलेली सर्व रक्कम गावच्या सार्वजनिक वाचनालयास पुस्तकखरेदीसाठी अर्पण करावी. हे काम पगारी माणसांकडून न होता स्वयंसेवकांकडून व्हावे. आणि ते एकदाच होऊन न थांबता प्रतिवर्षी चालावे.

ही सूचना प्रथम कानी पडली तेव्हा धर्मग्राम-मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस सरळ प्रश्न केला, "फादर, आपल्या मंदिराच्या पडवीचे पत्रे गळतात. पुस्तके आपली, मेहनत आपल्या पोरांची, मग पैसा गावाला का?" प्रश्न रोखठोक आहे आणि तो मनात धरून बसलेले आणखीही पुष्कळ जण येथे असतील. म्हणून आजचे आमचे भाषण म्हणजे बहुतांशी त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्या जिल्ह्यात शेती करणाऱ्यास सरवा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ज्वारी काढली, कणसे खळ्यावर गेली, तरी रानात काही कणसे पडून राहतात. ती वेचून गरिबाच्या घरी चार दिवसांची भाकरी होते. याच लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वराने शेतधन्यास अशी आज्ञा केली आहे, की त्याने शेताचा कोपरान् कोपरा कापू नये व पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावी. मवाब देशाची रूथ ही अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली होती, आणि तिच्याच वंशात पुढे दावीद राजा व देहधारणेने आपला तारणारा जन्मास आला.

या कथेतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही, की सरवा म्हणजे कचरा नव्हे. खळ्यावरचा दाणा व सरव्याचा दाणा एकाच ताटाचा असतो. तद्वत एकाने वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेले म्हणून त्यातील एक अक्षरही शिळे होत नाही. दुसरी ही, की सरवा वेचणारी भिकारीण नव्हे. रूथ सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात वाकून राबली आणि जे तिने नेले ते स्वतःच्या श्रमाने नेले. म्हणूनच आम्ही पुस्तके फुकट वाटावी असे न म्हणता ती विकावी असे म्हणतो. दहा रुपये मोजून घेतलेले पुस्तक मनुष्य मान ताठ ठेवून घरी नेतो व ते आपले म्हणून वाचतो. आणि आज्ञेतील एक शब्द विसरू नये: सरवा उपऱ्यांसाठीही आहे. वेचणाऱ्याची जात, कूळ वा धर्म विचारण्याची परवानगी शेतधन्यास दिलेली नाही.

आता वाचनालयाकडे येऊ. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीस १८२८ साली, आपल्या शेजारच्या अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) १८३८ साली, नाशकास १८४० साली व पुण्यास १८४८ साली वाचनालये निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. परंतु आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि येथील मराठी वाचकाचा मार्ग अधिक खडतर होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या फर्मानान्वये साधी सभा भरवावयाची तरी आधी सरकारची परवानगी काढावी लागे. अशा काळी मराठी पुस्तके एका खोलीत ठेवणे व चार माणसांनी तेथे येऊन ती वाचणे, हेदेखील धैर्याचे काम होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते दडपण सरले. १९५५ साली हैदराबाद राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला, आणि पुढे महाराष्ट्र राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आपणांस लागू झाला.

या १९६७ च्या कायद्याचे एक वैशिष्ट्य आपण समजून घेतले पाहिजे, कारण आमच्या सूचनेचे मर्म त्यात आहे. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर बसविला. आपल्या राज्याने तसा कर बसविला नाही. गावोगावच्या लोकांनी आपल्या संस्था काढून वाचनालये चालवावी, सरकारने ती तपासून त्यांस अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता द्यावी व वर्गानुसार अनुदान द्यावे, अशी आपली पद्धत आहे. अशी दहा हजारांहून अधिक वाचनालये आज महाराष्ट्रात आहेत. म्हणजे ज्यास आपण सरकारी वाचनालय म्हणून बाजूस सारतो, ते बहुधा सरकारी नसतेच. ते गावातील पाचदहा माणसांनी विनावेतन चालविलेले असते.

अशा वाचनालयाचा संसार कसा चालतो ते पाहा. अनुदान हप्त्याने येते. वृत्तपत्रे टाकणाऱ्याचे देणे मात्र दर महिन्यास द्यावे लागते. ग्रंथपालाचे वेतन, विजेचे देयक, जागेचे भाडे, पुस्तकांची बांधणी हे सारे भागवून झाल्यावर नव्या पुस्तकासाठी जे उरते ते फार थोडे. वाचकांची वर्गणी वाढवावी, तर जो गरीब वाचक आहे तोच प्रथम गळतो. तिकडे संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन पाहावे, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले व मुली एका पुस्तकाभोवती तिघे-चौघे बसलेली दिसतात. त्यांपैकी काही आपल्या धर्मग्रामातील आहेत, हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो.

लोकांनी स्वतः काही उभे करावे व मग राज्याने हात द्यावा, हा विचार नवा नाही. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून आपल्या संस्थानात गावोगावी ग्रंथालये काढली. त्यांची रीत अशी होती, की एक हिस्सा लोकांनी जमवावा, तितकाच पंचायतीने द्यावा व तितकाच सरकारने. महाराजांस पैशाची वाण नव्हती. परंतु ज्या वस्तूसाठी लोकांनी काहीच मोजले नाही तिची ते राखण करीत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

आणि वाचून झालेली पुस्तके विकून वाचनालयास हातभार लावणे, हेही जगात रूढ झालेले आहे. अमेरिकेत गावोगावी ग्रंथालयमित्रांची मंडळे आहेत. न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावचे मंडळ वर्षातून दोनदा अशी विक्री भरविते. विक्री अनेक दिवस चालते, दिवसागणिक किंमत उतरत जाते, आणि पुस्तके निवडणे, लावणे व विकणे ही कामे स्वयंसेवक करतात. आपल्या महाराष्ट्रात डोंबिवली येथे पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाची प्रदर्शने भरविली. वाचकांनी आपली जुनी पुस्तके आणावी व त्यांच्या बदल्यात दुसऱ्यांची न्यावी, अशी त्यांची योजना होती. ती विक्री नव्हे, तथापि तत्त्व तेच: पुस्तकाने घरात बसून राहू नये. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यांतील एकाचा आशय असा आहे, की प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपल्या घरच्या फळीवर दहा वर्षे न उघडलेले पुस्तक हे आपल्या वाचकाची वाट पाहत बसलेले पुस्तक होय.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळतो: पैसा गावाला का? आमचे उत्तर असे, की आपण पुस्तकांच्या बाबतीत ऋणको आहो, धनको नव्हे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मुकुटमणी जे 'ख्रिस्तपुराण', त्याचीच कथा घ्या. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले व आपल्या भाषेवर मोहित होऊन त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचिला. तो १६१६ साली छापला गेला; पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? तो लोकांनी हाताने उतरून घेतला, घरात गाइला, लेकीसुनांच्या हाती दिला, एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात नेला. अशा हस्तलिखित प्रतींवरूनच श्री. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापिला. छापखान्याची प्रत नाहीशी झाली आणि हातोहात फिरलेली प्रत टिकली! पुस्तक जपण्याचा खरा उपाय कोणता, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

हीच साक्ष आपल्या जिल्ह्याची भूमीही देते. फादर स्टीफन्स यांचे समकालीन दासोपंत हे आपल्या अंबाजोगाईचे. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर ओव्या लिहिल्या. ती पासोडी म्हणून प्रसिद्ध आहे आणि अंबाजोगाईत पिढ्यान् पिढ्या जतन झाली आहे. ज्या वेळी गोव्याच्या किनाऱ्यावर एक परदेशी धर्मगुरू मराठी ओवी जुळवीत होता, त्याच काळी येथे बालाघाटाच्या डोंगरावर कापडावर ओवी उतरत होती. दोघांचा धर्म भिन्न, छंद एक. आणि दोघांचेही लेखन शिल्लक राहिले ते सामान्य घरांनी सांभाळले म्हणून.

जुन्या पुस्तकाची थोरवी ज्यांनी जाणली त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव अग्रगण्य आहे. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथे शिकत असता शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथील जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके विकत घेतली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. ती पुस्तके कोणीतरी एकदा वाचून विकली होती. विकणाऱ्यास काय ठाऊक, की आपण फळीवरून काढलेला ग्रंथ कोणाच्या हाती पडणार आहे! त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढून मराठवाड्यातील गरिबांच्या मुलांस उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले.

आपल्या वाडवडिलांची स्थिती आठवा. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी अक्षर गिरविले नव्हते, त्यांच्या हाती मिशनच्या मास्तरांनी पाटी दिली. १९०३ साली शेजारच्या नगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला. असे मासिक ज्या खेड्यात येई तेथे एकजण वाचावयाचा व दहाजण ऐकावयाचे. अंक एकाचा, वाचन साऱ्या वस्तीचे. ते वाचनालयच होते. फक्त त्यास भिंती नव्हत्या. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली निघाले, आणि तेच फादर २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूस साऱ्या मराठी भाषिकांनी आपल्या शारदेच्या आसनावर बसविले! मग त्या मराठी वाचकाच्या वाचनालयास हातभार लावताना आपण 'आपले' व 'गावाचे' असा भेद कोणत्या तोंडाने करावा?

आम्ही स्वतंत्र पुस्तकालय काढू शकतो; ते धर्मग्रामात असावेही. धर्मशिक्षणाची पुस्तके, संतचरित्रे, 'निरोप्या'चे जुने अंक ही येथे राहणेच योग्य. परंतु आपल्या मुलांनी केवळ आपल्यांतच बसून वाचावे, असे आम्हांस वाटत नाही. वाचनालयाच्या बाकावर आपला मुलगा, मशिदीजवळच्या मोहल्ल्यातला मुलगा व देवीच्या देवळामागचा मुलगा शेजारी शेजारी बसून वाचू लागले, म्हणजे गावातील पुष्कळ गैरसमज कोणी भाषण न करता नाहीसे होतील. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात असे ठरविले आहे, की प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयास ग्रंथसंग्रहातून एक पुस्तक द्यावे व ते त्याने आरंभापासून अखेरपर्यंत वाचावे. ज्या श्रद्धेने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वाचनास तपाचे स्थान दिले, त्या श्रद्धेच्या लेकरांनी गावच्या वाचनालयास परके मानू नये.

आता कार्य कसे करावे हे सांगतो, कारण सद्हेतू असला तरी रीत चुकली की काम नासते.

पहिला नियम: जे पुस्तक आपण स्वतःच्या मुलाच्या हाती देणार नाही ते देऊ नये. मलाखी संदेष्ट्याने आंधळी व लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांची कानउघाडणी केली होती. वाळवीने खाल्लेले, पाने गळालेले, अभ्यासक्रमातून गेलेले मार्गदर्शक हे रद्दीवाल्याचे धन आहे. ते देऊन घर झाडण्याचे पुण्य मिळेल, दानाचे नाही.

दुसरा नियम: जमलेल्या पुस्तकांवर पहिला अधिकार वाचनालयाचा. ग्रंथपालांस बोलावून त्यांच्या संग्रहात नसलेली व त्यांस हवी असलेली पुस्तके प्रथम त्यांस निवडू द्यावी. उरलेली विक्रीस ठेवावी. गावोगावच्या जुन्या छापखान्यांची पुस्तके व बांधलेली मासिके दिसली तर ती किमतीच्या ढिगात टाकण्यापूर्वी जाणत्यास दाखवावी. 'ख्रिस्तपुराणा'च्या छापील प्रतींचे जे झाले ते दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाचे न होवो.

तिसरा नियम: प्रत्येक पुस्तक पान न पान उलटून पाहावे. पुस्तकांत लोक पत्रे, छायाचित्रे, पावत्या, क्वचित नोटाही ठेवतात. जे सापडेल ते त्या घरी पोचते करावे व त्याची वाच्यता करू नये. वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक सापडल्यास ते विकू नये. त्यासाठी एक निराळी पेटी ठेवावी आणि त्यात कोणी काय टाकले हे कोणी विचारू नये. आमची खात्री आहे, की या पेटीत पहिल्याच वर्षी बरेच हरवलेले धन परत येईल. महोत्सवाचे वर्ष परतफेडीचे असते, हे आम्ही आरंभीच सांगितले आहे.

चौथा नियम: किंमत सोपी असावी व ती उघड लिहिलेली असावी. मुलांची पुस्तके दहा रुपये, कथा-कादंबऱ्या व चरित्रे तीस रुपये, मोठे ग्रंथ व कोश त्यांच्या योग्यतेप्रमाणे. दिवाळी अंकांचा निराळा ढीग असावा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी घरात हे अंक साठत आले आहेत, आणि जुन्या अंकासही वाचक असतोच. शेवटच्या दिवशी पिशवीभर पुस्तकांस एकच किंमत ठेवावी. पवित्र शास्त्राच्या व प्रार्थनेच्या पुस्तकांस मात्र किंमत लावू नये. ती मागेल त्यास आदराने द्यावी. जी जीर्ण झाली आहेत ती रद्दीत न जाऊ देता आमच्याकडे आणावी. त्यांची योग्य व्यवस्था आम्ही करू.

पाचवा नियम: पैशाचा व्यवहार आरशासारखा स्वच्छ असावा. दोन कुटुंबांतील दोन माणसांनी मिळून रोज रोकड मोजावी. संपूर्ण रक्कम धनादेशाने वाचनालयास द्यावी, पावती मंदिराच्या फलकावर लावावी, आणि त्या पैशांतून आलेल्या पुस्तकांची यादीही तेथेच लावावी. आम्ही त्या रकमेतून चहाचाही खर्च घेऊ नये.

आता काळाविषयी. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन, मुकादमाच्या मागे, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि हंगाम सरल्यावर परततात. आपल्या धर्मग्रामातीलही कुटुंबे त्यांत आहेत. त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. फडाजवळच्या खोपीत कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात त्यांची संध्याकाळ जाते. म्हणून आमचा आग्रह असा, की ही विक्री नवरात्रानंतर लगेच, गाड्या सुटण्यापूर्वी, भरवावी. कोयत्यावर जाणाऱ्या प्रत्येक घराच्या सामानात, पिठाच्या डब्याशेजारी, मुलांसाठी दोनतीन पुस्तके जावी. ज्यास दहा रुपयेही जड आहेत त्याच्या वतीने ते आम्ही भरू. मात्र पुस्तक त्या मुलाने स्वतः निवडलेले असावे. चैत्रात परतल्यावर ते पुस्तक त्याने आणून दिले तर पुढील विक्रीत येईल. न दिले तर ते त्याच्या घरातील पहिले पुस्तक ठरेल. दोन्हींत लाभच आहे.

कोणी म्हणेल, आता सारे मोबाईलवर मिळते, मग पुस्तके व वाचनालये हवीत कशाला? मोबाईलवर पुष्कळ मिळते हे खरे. त्याने आम्हांसही पुष्कळ दिले आहे. परंतु मोबाईल एकाच्या खिशात राहतो. वाचनालयातील पुस्तक साऱ्या गावाचे असते. ज्याच्याजवळ पैसा नाही, ज्याच्या घरी अभ्यासास कोपरा नाही, ज्या मुलीस बाहेर बसावयास दुसरी निर्भय जागा नाही, तिच्यासाठी वाचनालयाचे दार हे एकच दार उघडे असते. ते बंद पडले तर त्याची बातमीही होणार नाही. एक दिवस फलक उतरेल, आणि पुस्तके पोत्यांत भरून वजनावर जातील. ते होऊ न देणे हे आपल्या हाती आहे.

आणखी एक शंका: सर्वच पुस्तके चांगली नसतात, मग आपल्या हातून वाईट पुस्तक विकले गेले तर? विवेक ठेवावा, हे योग्यच. मुलांच्या मेजावर काय जाते ते आयांनी व शिक्षकांनी पाहावे. परंतु भीतीपोटी सगळेच ग्रंथ बंद करून ठेवणे हा विवेक नव्हे. संत ऑगस्टीन यांनी ३८६ साली मिलान येथील बागेत हातात घेतलेले पुस्तक पौलाच्या पत्रांचे होते, हे आपण जाणतो. परंतु त्यांच्या मनात सत्याची ओढ प्रथम जागविली ती एका ख्रिस्ती नसलेल्या लेखकाच्या, सिसेरोच्या, ग्रंथाने, असे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. परमेश्वर कोणत्या पानावरून कोणास हाक मारील, हे ठरविणे आपल्याकडे नाही.

राहता राहिले पडवीचे पत्रे. त्या गृहस्थांस आमचे सांगणे असे, की पत्रे बसतील. मंदिर आपले आहे व ते आपण आपल्या कमाईतून, ज्वारीच्या पायलीतून व महिन्याच्या अर्पणातून नीट करू. तो भार आपणच उचलावा, हेच शोभते. परंतु सरवा शेतधन्याने आपल्या घरी नेऊ नये, अशी देवाची आज्ञा आहे. वाचून झालेली पुस्तके हा आपला सरवा आहे. त्यावर गावातील गरिबाचा व उपऱ्याचा हक्क आहे, आणि तो आपण परमेश्वरासमोर मान्य केला पाहिजे.

तेव्हा येत्या रविवारपासून मंदिराच्या पडवीत एक मेज मांडले जाईल. प्रत्येक घराने निदान एक पुस्तक आणावे. ते चांगले, पुरे व आवडते असावे. नावडते देणे सोपे आहे. आवडते देताना हात थोडा थबकतो, आणि तेवढाच थबकणे म्हणजे दान. ज्यांच्या घरी एकही पुस्तक नाही त्यांनी लाजू नये. त्यांनी दोन हात आणावे. निवडण्यास, पुसण्यास, मांडण्यास हातांचीच गरज अधिक आहे.

आपल्या पूर्वजांस ज्यांनी प्रथम अक्षर दिले त्या सर्वांच्या आत्म्यांस प्रभू चिरशांती देवो, आणि त्यांनी दिलेले पुढे देण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो. पवित्र मरिया आपली आई आपणांसाठी विनंती करो. आमेन.